इंजिनाचं दावं

जत्रेतला पाळणा पार वर गेला आणि मला खालचं इंजिन ऐकू आलं.

माझी धाकटी डोळे गच्च मिटून माझ्या दंडाला लटकली होती. आजूबाजूच्या डब्यांत लोक ओरडत होते, खाली भोंगे वाजत होते, माइकवरून कुणाची तरी हरवलेली चप्पल पुकारली जात होती. आणि मी, चाळिशीची बाई, डब्याबाहेर अर्धी झुकून कान लावून बसले होते. चार सिलिंडरचं लहान इंजिन. जीपचं नाही, मारुतीचं नाही, पंपाचं तर नाहीच. गळ्यात किंचित खरखर, पण ठेका पक्का. हा आवाज मी शेवटचा ऐकला तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या.

"पाळणा थांबवा," मी वरून ओरडले.

खालच्या माणसाला वाटलं मला मळमळतंय. त्याने घाईघाईने डबा खाली आणला आणि स्वतः दहा हात लांब जाऊन उभा राहिला. मी पोरीचं मनगट धरलं आणि थेट इंजिनाभोवतीच्या पत्र्यामागे शिरले.

सागाच्या दोन ओंडक्यांवर बोल्टने आवळलेलं, तेलाने आणि काजळीने माखलेलं ते इंजिन मजेत चाललं होतं. शेजारी रॉकेलचा डबा आणि डब्यावर बसलेली, हातभर पांढऱ्या बांगड्या घातलेली एक म्हातारी. मी ओढणीने इंजिनाच्या कुशीतली काजळी पुसली. खाली उठावाची अक्षरं निघाली. स्टँडर्ड हेराल्ड, जुन्या काळची मोटारगाडी.

"इकाचं हाय का?" मी विचारलं. नाव नाही, गाव नाही, सरळ हेच. अब्बा म्हणतात माझ्या जिभेला क्लच नाही.

म्हातारीने मला खालून वर पाहिलं. "काहून? तुले पाळना लावाचा हाय?"

तिचं नाव रुपीबाई. दिग्रसच्या वाटेवरच्या तांड्यातली. हा पाळणा तिचा नवरा उकंडा याने उभा केला आणि चाळीस वर्षं याच इंजिनावर फिरवला. तो जाऊन दोन वर्षं झाली. आता रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि तिचा मुलगा विजेची मोटर बसवायच्या मागे लागला होता. ही शेवटची जत्रा.

"इकीन," ती म्हणाली, "पन ज्याले त्याची कदर हाय त्यालेच. भंगारवाल्याले नाही. तुया मिस्तरीले घेऊन ये. माया दारात चालवून पाहा, मंग बोलू."

माझा मिस्तरी. खरी पंचाईत तिथेच होती.

आमच्या अंगणात ताडपत्रीखाली एक लाल गाडी आहे. ट्रायम्फ स्पिटफायर. दोन माणसांपुरती, बिनछपराची, इतकी बुटकी की आत बसून हात सोडला तर रस्त्याला टेकतो. यवतमाळच्या एका डॉक्टरांनी ती पन्नासेक वर्षांपूर्वी विलायतेहून बोटीने आणली होती. ते गेल्यावर कुणीतरी ऐन मे महिन्यात पाणी न घालता उमरखेडपर्यंत पिटाळली आणि इंजिनाला भेग पडली. मग ती एका गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली. अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निजामुद्दीन मिस्तरींनी, ती ओढून आणली तेव्हा सीटखालून अकरा अंडी निघाली होती. त्यानंतर पंचवीस वर्षं फावल्या वेळात त्यांनी तिचा पत्रा ठोकला, रंग मारला, ब्रेक बसवले, सीट शिवून घेतल्या. इंजिन तेवढं नव्हतं. जो तो सांगायचा, मारुती व्हॅनचं टाका. अब्बा म्हणायचे, "मारुतीच पाह्यजे होती तं मारुतीच नसती का घेतली?" या गाडीला सख्खं लागेल असं इंजिन आपल्याकडे फक्त हेराल्डमध्ये होतं, कारण दोघींचं घराणं एक. आणि हेराल्ड तर कधीच भंगारात गेल्या होत्या.

पण वर्षभर आमच्या घरात इंजिनाचा विषयच बंद होता. अब्बा कानाचे मिस्तरी. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि आतला आजार सांगायचा, अशी त्यांची चाळीस वर्षांची रीत. आमच्या दारव्ह्यात लोक म्हणायचे, निजाममिस्तरी इंजिनाशी फोनवर बोलतो. मला त्यांनी लहानपणी हाच खेळ शिकवला. डोळ्यांवर ओढणी बांधून गॅरेजच्या दारात बसायचं आणि रस्त्यावरून काय गेलं ते सांगायचं. मी शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगायचे, म्हणून तर आज स्पेअरपार्टचं दुकान चालवते.

मग त्यांचे कान गेले. हळूहळू गेले आणि त्यांनी आमच्यापासून लपवले. गेल्या वर्षी एका जीपवाल्याला त्यांनी "ठणठणीत हाय, जा" म्हणून सांगितलं. बेअरिंग ठोकत होतं आणि दुकानात बसून ते मला ऐकू येत होतं. मी धावत बाहेर आले तोवर जीप गेली होती. दारव्ह्याबाहेर तीन कोसांवर इंजिन जाम झालं. कुणाला लागलं नाही, पण संध्याकाळी अब्बांनी गॅरेजला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या गल्ल्यात टाकली. कानात घालायचं यंत्र आणलं, तर म्हणाले, यात सारी दुनिया पत्र्याची वाटते. तेव्हापासून ते अंगणात लाल गाडीकडे पाठ करून बसायचे. मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी त्यांची खुर्चीच फिरवून ठेवली. त्यांनी ती परत वळवून घेतली.

त्या दिवशी जत्रेतून येऊन मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "अब्बा, हेराल्डचं इंजन सापडलं. चालू हाय."

त्यांनी विचारलं, "कुठी?" मग लगेच मान हलवली. "चालू हाय का मरून राह्यलं ते कोन सांगन? मले ऐकू येत नाही. तूच जा."

"मी नाही जात. तुमी येसान तं घेऊ, नाही तं ते भंगारात जाईन."

हे मी ओरडून बोलले, कारण एक तर त्यांना ऐकू जायला हवं होतं आणि दुसरं म्हणजे मी चिडले होते. रात्रभर त्यांना झोप नव्हती, खाट करकरत होती. सकाळी सहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते आणि हातात तो लांब पेचकस होता. मी आधण ठेवलं. चहात साखर जास्त घातली एवढंच.

रामरावकाकांची पिकअप आली. रामराव हे अब्बांचे चाळीस वर्षांचे दोस्त, कापूस-तुरीचे शेतकरी, बैल पारखण्यात पटाईत. लाल गाडीच्या दुसऱ्या सीटवर पहिली चक्कर आपली, असं त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं.

तांड्यात रुपीबाईने अंगण शेणाने सारवून ठेवलं होतं. इंजिन मधोमध, जणू पाहुणे मुलगी बघायला येणार होते. तिच्या मुलाने हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू झालं. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला.

अब्बांनी पेचकस टेकवला आणि मूठ उजव्या कानाला लावली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. त्यांचा चेहरा कोरा होता. रामराव माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. मला वाटलं, मीच यांना इथे आणून सगळ्यांसमोर उघडं पाडलं.

आणि अब्बांनी पेचकसाची मूठ कानापासून काढली आणि दातांत धरली.

त्यांनी डोळे मिटले. इंजिन चालत होतं, पेचकस थरथरत होता आणि त्यांचे गालही. मिनिटभर ते तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांच्या भुवया वर गेल्या, आणि ते हसायला लागले, मूठ दातांत तशीच धरून. एकेका सिलिंडरवर टोक सरकवत ते पुढून मागे गेले. हाडातून ऐकू येत होतं त्यांना. कानाने दगा दिला, पण कवटी शाबूत होती.

"तिसरा सिलिंडर थोडा दमला हाय," ते तोंडातून मूठ काढून म्हणाले. "बाकी तिघं जवान हायेत."

मलाही तिसऱ्यातलीच टिकटिक ऐकू आली होती, पण मी तोंड उघडलं नव्हतं. आता मी इतक्या मोठ्याने हो म्हणाले की रुपीबाईचा बकरा दचकला.

किमतीचं बोलणं अर्ध्या चहात आटोपलं. इंजिनाचे बोल्ट सोडताना रुपीबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. "तुमी थोडे दूर व्हा," म्हणाली. तिने इंजिनाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पदराआड बराच वेळ त्याच्यावर वाकून राहिली. उठली तेव्हा तिने कमरेच्या बटव्यात काहीतरी खोचलं. मला वाटलं खोबऱ्याचा तुकडा असेल. बाई रडत होती, मी नजर वळवली.

मग आठ दिवस आमच्या घरात ईद होती. अब्बांनी गॅरेजची किल्ली माझ्या गल्ल्यातून न विचारता काढून नेली. धुतलेलं, रंगवलेलं इंजिन साखळीने उचलून लाल गाडीत उतरवलं. स्पिटफायरचं बॉनेट पुढच्या चाकांवरच्या पत्र्यासकट उघडतं, त्यामुळे अख्खी गल्ली वाकून आत बघायची. मी म्हटलं, जरा आतूनही उघडून बघू, प्लग, डेल्को वगैरे. डेल्को म्हणजे इंजिनाच्या कुशीतली ती गोल डबी, जिच्यातून ठिणगी एकेका सिलिंडरला वाटली जाते. अब्बांनी हातावर चापट मारली. "चालतं ते उघडाचं नाही. मी दातानं ऐकलं हाय त्याले." या एका नियमावर त्यांनी आयुष्य काढलं होतं, आणि इतक्या दिवसांनी ते असं ठासून बोलत होते. मी वाद घातला नाही. असं माझ्याकडून वर्षातून एकदा होतं.

नवव्या दिवशी सकाळी दहाला अब्बा स्टिअरिंगवर बसले. शेजारी रामराव, डोक्याला नवा रुमाल. अंगणात, भिंतीवर, समोरच्या गच्चीवर माणसं. अब्बांनी किल्ली फिरवली.

स्टार्टर गरगरला. इंजिन घरघरलं नाही, खोकलं नाही, काहीच नाही.

पुन्हा. पुन्हा. चौथ्यांदा बॅटरीचा आवाज जड झाला.

"पेट्रोल हाय ना?" रामरावांनी विचारलं. कुणीतरी गच्चीवरून हसलं. मी त्या गच्चीकडे असं पाहिलं की तिथली तीन माणसं खाली बसली.

अब्बा गाडीतून उतरले. बॉनेटकडे गेलेच नाहीत. खुर्ची ओढली आणि बसले, गाडीकडे पाठ करून. "त्या जीपसारखंच झालं," ते म्हणाले. "दातबी खोटे निघाले. मी मिस्तरी राह्यलो नाही, गौहर. कुलूप लावून दे."

मला वाईट वाटलं की मी चिडते. मी बॉनेट उघडलं. प्लगची वायर उपसून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि रामरावांना किल्ली फिरवायला सांगितलं. ठिणगी नाही. म्हणजे इंजिन मेलेलं नव्हतं, त्याला कुणी पेटवतच नव्हतं. डेल्कोचं झाकण काढलं.

आत रोटर नव्हता.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, झाकणाखाली फिरणारा. तोच ठिणगी वाटतो. तो नसेल तर सोन्याचं इंजिनही दगड. आणि तो आपोआप पडत नाही, हाताने उपसावा लागतो. मला पदराआडचं ते वाकणं आठवलं, बटवा आठवला. मी फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर.

"मावशी, डेल्कोतला तुकडा तुमी काढला काय?"

"काढला ना," रुपीबाई शांतपणे म्हणाली. "माया बटव्यात हाय."

"काहून काढला? चोरीच झाली ना ही."

"चोरी?" आता ती चिडली. "ढोर इकलं तं दावं कोनी देते का? उकंडा रोज पाळना बंद झाला की थो तुकडा काढून खिशात ठेवे. मंग इंजन कोनाच्या बापाच्यानं हालत नसे. तेच त्याचं दावं होतं. दावं आपल्या घरी राह्यते, लक्ष्मी राह्यते. मले वाटलं, येवढा मोठा मिस्तरी आला हाय, आपलं दावं घरून घेऊन आला असन."

रामरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "बरोबर हाय बाईचं. मी चाळीस वर्सं बैल घेतले, दर बारीले कासरा घरून नेला. येथी मायाच डोक्यात आलं नाही. निजामभाऊ, चूक मायी हाय."

अब्बांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि कानाशी ओरडून सगळं सांगितलं. इंजिन बरोबर होतं. दात बरोबर होते. म्हातारीने दावं ठेवून घेतलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग उठले आणि घरात गेले. माझ्या डोक्यात हिशेब चालू होता, रोटर मिळणार कुठे. माझ्या दुकानात स्कूटी आणि ट्रॅक्टरचा माल. अ‍ॅम्बेसॅडरचा रोटर याला बसतो, पण अ‍ॅम्बेसॅडर तरी आता कुणाकडे आहे.

अब्बा बाहेर आले ते अम्मीचं पानदान घेऊन.

गॅरेज टाकायच्या आधी अब्बा अ‍ॅम्बेसॅडरची टॅक्सी चालवायचे, दारव्हा ते यवतमाळ. तेही रोज गाडी उभी केली की रोटर काढून कुर्त्याच्या खिशात टाकायचे, आणि तो धुण्यात जायचा. अम्मी साबणाच्या फेसातून तो काढायची आणि दिवसभर बडबडायची. पुढे अ‍ॅम्बेसॅडर भंगारवाल्याने ओढून नेली. अम्मीला जाऊनही सहा वर्षं झाली.

पानदानात सुपारीचा अडकित्ता होता, लवंगांची पूड होती, आणि तळाशी रेशमी चिंधीत गुंडाळलेला रोटर होता.

"गाडी गेली त्या दिशी तिनं काढून ठेवला," अब्बा म्हणाले. "मी म्हटलं कायले पाह्यजे तुले? म्हने, राहू द्या."

रामरावांनी नवा रुमाल काढून डोळे पुसले आणि ऊन फार आहे म्हणाले. मी रोटर पॉलिश पेपरने घासला, डेल्कोत दाबून बसवला. तो टक् करून बसला. झाकण लावलं.

या वेळी अब्बांनी रामरावांना स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः पेचकस घेऊन इंजिनापाशी उभे राहिले. मूठ दातांत. हाताने खूण केली, फिरव.

अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू झालं. भिंतीवरची माणसं टाळ्या पिटत खाली उतरली, कुणी साखर वाटायला लागलं. मला तो गलका ऐकू येत नव्हता, मी फक्त अब्बांकडे बघत होते. त्यांचे डोळे मिटलेले, गाल थरथरत होते, आणि दाढीतून पाणी ओघळत होतं. मग त्यांनी मूठ काढून, पुसून, माझ्याकडे केली. मी दातांत धरली. आत सगळं होतं. चारही सिलिंडर, तिसऱ्याची टिकटिकसुद्धा.

पहिली चक्कर रामरावांचीच झाली. अब्बा चालवत होते, आणि समोरून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरने मान वळवून वळवून बघितलं. दुसरी चक्कर माझी. यवतमाळच्या रस्त्यावर कपाशीच्या शेतांमधून जाताना बायका खुरपी हातात धरून उभ्या राहिल्या. मी किंचाळत होते असं रामराव नंतर सांगत फिरले. ते खरं आहे.

सूर्य कलताना अब्बांनी गाडी अंगणात लावली. बॉनेट उघडलं, सवयीने झाकण काढलं, रोटर उपसला. मला वाटलं खिशात टाकतील. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. अजून गरम होता.

"हे कायले?" मी त्यांच्या कानाशी ओरडले. "मी काय गाडी इकत घेतली?"

"नाही. मी रामरावले इचारलं," अब्बा म्हणाले. "इकली तं दावं ठेवून घेतेत. पन लेकीले गाय दिली तं दाव्यासकट देतेत. गॅरेज उद्यापासून तू उघड. कानानं तू आईक, दातानं मी आईकतो."

मी रोटर ओढणीच्या टोकात घातला आणि गाठ मारली.

अब्बा पानदान बगलेत मारून आत निघाले. दारात थांबून वळले.

"धुवाले टाकताना काढजो मात्र."